पहाटेचे स्वप्न आणि पहाटेची झोप : रेम निद्रेचे विज्ञान व अध्यापकांसाठी त्याचा अर्थ

प्रस्तावना

आळंद हा कलबुर्गी जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला तालुका. एका बाजूला अक्कलकोट, दुसऱ्या बाजूला उमरगा. येथे स्वप्नाला तीन नावे आहेत. मराठी घरात ते 'स्वप्न' किंवा 'सपान' असते, कन्नड घरात 'कनसु' आणि दखनी बोलणाऱ्या घरात 'ख्वाब'. शब्द तीन असले तरी कुतूहल एकच आहे. सकाळी चहा घेताना "आज पहाटे काय विचित्र स्वप्न पडलं" असे सांगणारे माणूस प्रत्येक घरात असते आणि "पहाटेचं स्वप्न खरं होतं" असे म्हणणारेही असते.

याच घरांत परीक्षा जवळ आली की दुसरे एक वाक्य ऐकू येते. "रात्री बारापर्यंत वाच आणि पहाटे चारला ऊठ." हा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी देतात आणि वर्गात अध्यापकही देतात. म्हणजे पहाटेच्या स्वप्नाला समाज महत्त्व देतो, पण पहाटेच्या झोपेला मात्र आळस समजतो. आधुनिक निद्राविज्ञानाने गेल्या सत्तर वर्षांत जे शोधले आहे त्यावरून असे दिसते की, या दोन्ही गोष्टी एकाच निद्रावस्थेशी निगडित आहेत. त्या अवस्थेला 'रेम निद्रा' असे म्हणतात. ती काय आहे, तिच्याविषयी कोणत्या गोष्टी सिद्ध झाल्या आहेत, कोणत्या अद्याप वादग्रस्त आहेत आणि महाविद्यालयीन अध्यापकाला त्यातून काय घेता येईल, याचा येथे विचार केला आहे.

स्वप्नाविषयीचा पूर्वविचार

स्वप्नाचा विचार प्रयोगशाळेपासून सुरू झालेला नाही. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न व सुषुप्ती अशा वेगवेगळ्या अवस्था मानल्या. निद्रा ही सर्व रात्रभर एकसारखी नसते, हे निरीक्षण त्यात आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेल्या गोष्टींचे, ऐकलेल्या गोष्टींचे, अनुभवलेल्या गोष्टींचे, इच्छिलेल्या गोष्टींचे, कल्पिलेल्या गोष्टींचे, भावी घटना सुचविणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच निष्फळ होत, असे चरकाचे मत आहे. रात्रीच्या पहिल्या भागात पडलेले स्वप्न अल्प फळ देते आणि जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही ते मोठे फळ देते, असेही तेथे म्हटले आहे. या निरीक्षणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

अरबी परंपरेत 'रूया' म्हणजे शुभ, अर्थपूर्ण स्वप्न आणि 'हुल्म' म्हणजे भीतिदायक किंवा निरर्थक स्वप्न असा भेद केला गेला. स्वप्नाचा अर्थ लावण्याच्या विद्येला 'ताबीर' म्हणतात आणि बसरा येथील इब्न सिरीन यांचे नाव या विद्येशी कायमचे जोडले गेले आहे. सहरच्या वेळची स्वप्ने अधिक सच्ची असतात, ही समजूत मुस्लिम परंपरेतही आढळते.

मराठी परंपरेत स्वप्नात मिळालेल्या आदेशाला 'दृष्टान्त' असा खास शब्द आहे. संत तुकारामांना बाबाजी चैतन्य यांचा गुरूपदेश स्वप्नात मिळाला आणि कवित्वाची प्रेरणा नामदेवांच्या स्वप्नदर्शनातून झाली, हे त्यांच्या अभंगांतूनच कळते. संत बहिणाबाईंनी तुकारामांना गुरू मानले, तेही कोल्हापुरात झालेल्या स्वप्नदर्शनानंतर. अशा अनुभवांचा त्या व्यक्तीच्या जीवनातील अर्थ ठरविणे हे विज्ञानाचे काम नाही. अनुभव येत असताना मेंदूत व शरीरात काय घडते, एवढेच विज्ञान सांगू शकते. ही मर्यादा ध्यानात ठेवली तर श्रद्धा व संशोधन यांत अकारण भांडण लावण्याची गरज उरत नाही.

रेम निद्रेचा शोध

मानवी मेंदूतील विद्युतलहरी डोक्यावर तारा लावून नोंदविता येतात, हे जर्मनीतील हान्स बर्जर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केले. तरीही पुढील दोन दशके झोप म्हणजे मेंदूची विश्रांती असाच समज होता. शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या प्रयोगशाळेत युजीन अ‍ॅझेरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी काम करीत होता. १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला व डोळ्यांजवळ तारा लावून रात्रभर नोंद घेतली. मूल गाढ झोपलेले असताना यंत्राच्या लेखण्या मधूनच वेगाने हलू लागल्या. डोळे पापण्यांखाली झपाट्याने फिरत होते आणि मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या होत्या. प्रथम यंत्र बिघडल्याची शंका आली, परंतु पुनःपुन्हा तेच दिसले. १९५३ साली अ‍ॅझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी हा शोध प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या जलद हालचालींवरून या अवस्थेला 'रॅपिड आय मूव्हमेंट' असे नाव पडले. 'रेम' हे त्याचेच आद्याक्षरी रूप होय.

त्यानंतर विल्यम डिमेंट यांनी क्लाइटमन यांच्यासह १९५७ साली केलेला प्रयोग महत्त्वाचा ठरला. झोपलेल्या व्यक्तींना कधी रेम निद्रेतून, तर कधी इतर निद्रेतून उठवून "स्वप्न पडत होते काय?" असे विचारले गेले. रेममधून उठविलेल्यांनी १९१ पैकी १५२ वेळा स्वप्न सांगितले. इतर निद्रेतून उठविलेल्यांनी १६० पैकी केवळ ११ वेळा. तेव्हा रेम म्हणजेच स्वप्न असे समीकरण रूढ झाले. पुढे ते दुरुस्त करावे लागले. १९६२ साली डेव्हिड फोल्क्स यांनी "स्वप्न पडत होते काय?" ऐवजी "मनात काय चालले होते?" असे विचारले, तेव्हा इतर निद्रेतूनही बरेच काही सांगितले गेले. आजची समजूत अशी की, स्वप्न कोणत्याही निद्रेत पडू शकते. परंतु दीर्घ, चित्रमय, भावनांनी भारलेली, गोष्टीसारखी स्वप्ने प्रामुख्याने रेम निद्रेत पडतात.

रात्रीची रचना

झोपेची रात्र ही एका सपाट रस्त्यासारखी नसून चढउतारांची असते. माणूस प्रथम हलक्या झोपेत जातो, मग गाढ झोपेत उतरतो, नंतर पुन्हा वर येतो आणि सुमारे ९० मिनिटांनी पहिल्यांदा रेम निद्रेत प्रवेश करतो. असे चार ते पाच फेरे एका रात्रीत होतात. प्रौढ व्यक्तीच्या एकूण झोपेपैकी साधारण २० ते २५ टक्के झोप रेम स्वरूपाची असते. नवजात बालकात हे प्रमाण सुमारे ५० टक्के असते.

परंतु हे फेरे सारखे नसतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप अधिक असते आणि रेम काही मिनिटांपुरतीच येते. रात्र सरत जाते तसतशी गाढ झोप कमी होऊन रेमचा कालावधी वाढत जातो. पहाटेच्या सुमारास तो अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. याला दोन कारणे आहेत. गाढ झोपेची भूक रात्रीच्या आरंभीच भागलेली असते. शिवाय शरीराचे तापमान पहाटेच्या आधी सर्वांत कमी होते आणि शरीरातील घड्याळ त्या वेळेच्या आसपास रेम निद्रेला अधिक वाव देते.

यावरून एक साधे गणित मांडता येते. रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठणारा विद्यार्थी आठ तास झोपतो. तोच विद्यार्थी पहाटे चारला उठला तर झोपेचे तीन तास, म्हणजे सदतीस टक्के जातात. पण हे तीन तास रेम निद्रेने सर्वाधिक भरलेले असल्याने रेममधील तोटा सदतीस टक्क्यांहून पुष्कळ मोठा असतो.

रेम निद्रेत मेंदूत व शरीरात काय घडते

फ्रान्समधील ल्यों येथील मिशेल झुवे यांनी १९५९ च्या सुमारास या अवस्थेला 'विरोधाभासी निद्रा' असे नाव दिले. कारण मेंदू जागेपणाइतका सक्रिय असतो, पण शरीर मात्र निपचित पडलेले असते. डोळ्यांचे व श्वासाचे मुख्य स्नायू सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू या काळात जणू सैल सोडलेले असतात. झुवे यांनी मांजरांच्या मेंदूच्या मुळाशी असलेला एक विशिष्ट भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरे उठून शिकारीचा पवित्रा घेऊ लागली. स्वप्नातील हालचाली प्रत्यक्षात उतरू नयेत म्हणून मेंदूच शरीराला बांधून ठेवतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. काही वयस्कर माणसांत ही बांधणी सैल होते आणि ती झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. हा विकार १९८६ साली अमेरिकेतील शेंक व माहोवाल्ड यांनी वर्णिला. अशा रुग्णांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवात किंवा तत्सम विकार होतो, असे पुढे आढळले. घरातील आजोबा झोपेत हाणामारी करू लागले तर ती चेष्टेची बाब न समजता मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवावे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

रेमच्या काळात भावनांशी संबंधित केंद्रे अतिशय सक्रिय असतात. उलट कपाळामागील, विवेक व नियोजन यांच्याशी संबंधित भाग मंदावलेला असतो. म्हणूनच मृत आजी स्वयंपाकघरात भाकरी थापताना दिसली तरी स्वप्न पाहणाऱ्याला नवल वाटत नाही. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे सावधतेचे रसायन सोडणाऱ्या पेशी या वेळी जवळजवळ गप्प असतात. या विषयावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बिरेंद्रनाथ मल्लिक यांनी दीर्घकाळ संशोधन केले. रेम निद्रा हिरावून घेतली असता या पेशींना विश्रांती मिळत नाही, मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि त्याचा परिणाम पेशींच्या मूलभूत कार्यावर होतो, असे प्राण्यांवरील त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले.

कर्नाटकातच, बंगळूरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेच्या निद्रा प्रयोगशाळेतून २००६ व २०१० साली विपश्यना करणाऱ्यांच्या झोपेविषयी अभ्यास प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ साधना करणाऱ्यांत गाढ झोप व रेम निद्रा दोन्ही अधिक टिकून असल्याचे त्यात दिसले. मात्र अशा अभ्यासांत साधनेचा परिणाम कोणता आणि साधकाच्या एकूण नियमित राहणीचा परिणाम कोणता, हे वेगळे काढणे कठीण असते.

पहाटेची स्वप्ने 'खरी' का वाटतात?

आता पहाटेच्या स्वप्नाच्या समजुतीकडे वळता येईल. पहाटे रेम निद्रा सर्वांत दीर्घ असते, म्हणून स्वप्नेही सर्वांत लांब व ठळक असतात. शिवाय बहुधा याच निद्रेतून माणूस थेट जागा होतो. स्वप्नाची आठवण फार नाजूक असते. स्वप्नानंतर पुन्हा गाढ झोप लागली तर ती बहुतेक पुसली जाते आणि लगेच जाग आली तरच टिकते. रात्री साडेबाराला पडलेले स्वप्न सकाळपर्यंत कोणाला आठवत नाही, म्हणून ते खरे झाले की नाही हे तपासण्याचा प्रश्नच येत नाही. पहाटेचे स्वप्न मात्र दिवसभर सोबत राहते आणि दिवसातील एखादी घटना त्याच्याशी जुळली की 'खरे झाले' असे वाटते. न जुळलेली शेकडो स्वप्ने कोणी मोजत नाही.

ज्यानंतर पुन्हा झोप लागत नाही त्या स्वप्नाला चरकाने मोठे मानले, ते याच दृष्टीने पाहता येते. त्यामागे शेकडो वर्षांचे बारकाईचे निरीक्षण आहे. निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष मात्र वेगळा काढला गेला. ही गोष्ट वर्गात सांगितली तर पूर्वजांची थट्टा न करता वैज्ञानिक विचार कसा करावा, याचा उत्तम पाठ होऊ शकतो.

रेम निद्रा कशासाठी?

या प्रश्नाचे एकच सर्वमान्य उत्तर आजही नाही. फ्रॉइड यांनी स्वप्नात दडपलेल्या इच्छांचे वेषांतर पाहिले. १९७७ साली हॉब्सन व मॅककार्ली यांनी असे मांडले की, मेंदूच्या मुळातून येणाऱ्या अस्ताव्यस्त संदेशांची वरचा मेंदू आपल्या परीने गोष्ट जुळवितो आणि तेच स्वप्न. क्रिक व मिचिसन यांनी १९८३ साली, निरुपयोगी दुवे पुसण्यासाठी रेम निद्रा असावी, असे सुचविले. फिनलंडमधील आंटी रेवोन्सुओ यांच्या मते स्वप्न ही धोक्याला तोंड देण्याची रंगीत तालीम आहे.

रेमची गरज असते, याचा एक पुरावा मात्र भक्कम आहे. १९६० साली डिमेंट यांनी काही जणांना रेम सुरू होताच उठविण्याचा प्रयोग केला. दर रात्री त्यांना अधिकाधिक वेळा उठवावे लागले आणि नंतर मोकळे झोपू दिल्यावर त्यांची रेम निद्रा नेहमीपेक्षा वाढली. शरीर जणू थकबाकी वसूल करते.

शिक्षणाच्या दृष्टीने स्मरणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जर्मनीतील प्लिहाल व बॉर्न यांच्या १९९७ च्या प्रयोगात, गाढ झोपेने भरलेल्या पूर्वरात्रीनंतर शब्दांच्या जोड्या अधिक चांगल्या आठवल्या, तर रेमने भरलेल्या उत्तररात्रीनंतर हाताचे नवे कौशल्य अधिक सुधारले. २०१६ साली उंदरांवरील प्रयोगात, रेमच्या काळातील एक विशिष्ट लहर थांबविली असता नुकतेच शिकलेल्या ठिकाणाची स्मृती पक्की झाली नाही, असे दिसले. भावनांचा तीव्रपणा कमी होण्यातही रेमचा वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात.

परंतु येथे सावधगिरी हवी. काही नैराश्यविरोधी औषधांनी रेम निद्रा खूप कमी होते, तरी त्या रुग्णांची स्मृती ढासळत नाही. इस्रायलमधील पेरेत्झ लावी यांनी १९८४ साली एका अशा माणसाची नोंद प्रसिद्ध केली की, मेंदूच्या मुळाशी धातूचा तुकडा घुसल्यामुळे त्याची रेम निद्रा जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि तरीही तो कायद्याचे शिक्षण पुरे करू शकला. तेव्हा 'रेम नाही तर स्मृती नाही' असे विधान अध्यापकाने करू नये. संपूर्ण रात्रीची झोप, म्हणजे गाढ झोप व रेम यांची पुनःपुन्हा होणारी साखळी शिकलेले पक्के करण्यास मदत करते, एवढे विधान मात्र विश्वासाने करता येते.

छातीवर कोणी बसल्याचा भास

महाविद्यालयीन वयात अनेकांना एक भयंकर अनुभव येतो. डोळे उघडतात, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते. घरी याला भूतबाधा किंवा जिन्नचा प्रकार समजून गंडेदोरे केले जातात. विज्ञानाच्या दृष्टीने ही 'निद्रा-लकवा' नावाची अवस्था होय. मन जागे झालेले असते, पण रेमची स्नायूंवरील बांधणी अजून सुटलेली नसते आणि स्वप्नाची चित्रेही पूर्ण विरलेली नसतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के, तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के व्यक्तींना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला असतो. अपुरी व अनियमित झोप, ताण आणि उताणे झोपणे यांमुळे तो वाढतो.

इजिप्त व डेन्मार्क येथील तुलनेत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे आढळले की, या अनुभवामागे अलौकिक कारण मानणाऱ्या इजिप्तमधील लोकांची भीती अधिक तीव्र होती. म्हणजे समजूत जितकी भयावह, तितका अनुभवही भयावह. हॉस्टेलमधील एखाद्या मुलीने किंवा मुलाने असे काही सांगितले तर अध्यापकाने हसू नये व घाबरवूही नये. ही अवस्था सेकंद-मिनिटांत आपोआप सुटते, तिने इजा होत नाही, एवढे शांतपणे सांगणे हाच अर्धा उपचार आहे. वारंवार होत असेल किंवा दिवसाही आवरता येणार नाही अशी झोप येत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

परीक्षा, रमजान आणि उन्हाळा

आळंदसारख्या भागात झोपेवर तीन गोष्टींचा विशेष भार पडतो. पहिली परीक्षा. पहाटे उठून अभ्यास करणे यात मुळीच वाईट नाही, रात्री उशिरा झोपून पहाटे उठणे यात आहे. नऊ-साडेनऊला झोपलेला विद्यार्थी साडेपाचला उठला तर त्याची रात्र पूर्ण होते. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास आणि प्रौढांना किमान ७ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात.

दुसरी गोष्ट रमजान. मोरोक्कोत आठ तरुणांवर केलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रमजानमध्ये झोप उशिरा लागणे, एकूण झोप घटणे आणि गाढ व रेम निद्रा कमी होणे दिसून आले. परंतु सौदी अरेबियातील अहमद बाहम्माम यांच्या गटाने २०१३ साली झोपेच्या वेळा ठरवून दिल्या, तेव्हा रोजाने दिवसाची गुंगी वाढल्याचे किंवा प्रतिसाद मंदावल्याचे आढळले नाही. यावरून दोष रोजाचा नसून तरावीहनंतर मध्यरात्र उलटेपर्यंत जागण्याच्या सवयीचा आहे, असा निष्कर्ष निघतो. इशानंतर लवकर झोपणे आणि दुपारी थोडा कैलुला ही जुनी शिस्त या दृष्टीने उपयुक्त आहे. दुपारची झोप मात्र लांबवू नये.

तिसरी गोष्ट उन्हाळा. रेम निद्रेत घाम येणे, कापरे भरणे यांसारखी शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा फार मंदावते, म्हणून उकाड्यात रेम निद्रा तुटते. कलबुर्गी भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. माळवदावर किंवा अंगणात बाजेवर झोपण्याची जुनी रीत त्यामुळे शहाणपणाचीच होती. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याची डुलकी ही नेहमीच बेपर्वाई नसते, हे अध्यापकाने लक्षात घ्यावे.

समारोप

स्वप्नाचा अर्थ काय, या प्रश्नाचे अंतिम उत्तर विज्ञानाजवळ नाही. पण स्वप्न ज्या झोपेत पडते ती झोप फुकट जाणारा वेळ नाही, हे त्याने दाखविले आहे. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापकाने उभे करण्यापूर्वी "काल किती वाजता झोपलास?" एवढे विचारावे. उत्तर 'बारा-एक' असे आले आणि उठणे चारचे असले तर त्याने आळस केलेला नाही, उलट दिलेला सल्ला तंतोतंत पाळलेला आहे. तो सल्ला बदलणे अध्यापकांच्या हातात आहे. वेळापत्रक आखताना अभ्यासाच्या तासांसोबत झोपेचे तासही लिहून द्यावेत. पहाटेचे स्वप्न खरे होवो न होवो, त्या स्वप्नापुरती झोप विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे.